‘बायकोच्या तक्रारीवर बंदूक जाते’ : दावा आणि कायदा

अमेरिकेतील बंदूक-कायद्याविषयी एक दावा सतत फिरत असतो : घरातल्या किरकोळ भांडणावरून बायकोने तक्रार केली की नवऱ्याची बंदूक जन्मभरासाठी जाते, हे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीविरुद्ध आहे, आणि जीवच घ्यायचा तर सुरीही पुरते.

संघीय कायद्यानुसार नुसत्या तक्रारीने बंदूक कायमची जात नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या सौम्य गुन्ह्यातील दोषींनाही बंदूक बाळगण्यास मनाई करणारी १९९६ ची लॉटेनबर्ग दुरुस्ती (ही संघीय कायद्यातली, घटनेतली नव्हे) लागू होण्यासाठी तो दोष न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो, आणि आरोपीला वकील मिळाला असेल किंवा त्याने तो हक्क समजून-उमजून सोडला असेल, तरच तो दोष धरला जातो. ‘किरकोळ’ म्हणाल, तर ती मेख कायद्याच्या मुळाशीच आहे : गंभीर गुन्ह्यातील दोषींना बंदूकबंदी आधीपासून होती, पण बायकोला मारणाऱ्यांवर बहुधा सौम्य कलमच लागत असे आणि ते त्या बंदीतून सुटत. ‘जन्मभर’ हे मात्र बरेचसे खरे आहे. शिक्षा रद्द वा माफ झाली तर गोष्ट वेगळी.

घटनेचा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण तिथे शस्त्र हा आपल्यासारखा परवान्याचा विषय नसून हक्काचा आहे. टेक्सासमधील रहीमी याने डिसेंबर २०१९ मध्ये वाहनतळावर मैत्रिणीला फरफटत गाडीत कोंबले, तिचे डोके डॅशबोर्डवर आपटले, आणि कोणी पाहते आहे हे लक्षात येताच सीटखालून बंदूक काढली. तेवढ्यात ती निसटली, तर ती पळत असतानाच त्याने गोळी झाडली. तिच्यापासून दूर राहण्याचा संरक्षण-आदेश न्यायालयाने त्याला दिला. असा आदेश असलेल्याला बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे, तरीही त्याच्याकडे बंदुका सापडल्या. अठराव्या शतकात असा कायदा नव्हता, हा त्याचा बचाव २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी फेटाळला : हुबेहूब जुना कायदा लागत नाही, आणि धोकादायक माणसाकडून हमी घेण्याची वा त्याला नि:शस्त्र करण्याची परंपरा जुनीच आहे. हा निकाल आदेशापुरता आहे, दोषसिद्धीच्या कलमावर नाही, हे मान्य. पण दोषसिद्धीचा पुरावा आदेशाहून कडक असतो.

राहिली सुरी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा शहरांतील अभ्यासात मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असल्यास स्त्रीच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट आढळला. सुरी घेऊन जवळ यावे लागते. पळणाऱ्या बाईला ती गाठत नाही.

टीकाच करायची तर ती अंमलबजावणीवर करावी : संघीय कायदा बंदूक बाळगण्यास मनाई करतो, पण ती कोणाकडे, किती दिवसांत जमा करायची हे सांगत नाही.