मिरकरवाड्याबाहेरचे ते 31 अंश

मासेमारी बंदी लागली, बोटी शाकारून झाल्या, की ग्रुपवर फॉरवर्डना ऊत येतो. सध्या फिरतोय तो असा: ‘सॅटेलाइटची मायक्रोवेव्ह अँटेना ढगांतूनही पाण्याचं तापमान थेट मोजते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराबाहेर 31 अंश! याच लहरींनी समुद्र तापतोय, म्हणून तारली मासळी गायब.’ सोबत लालभडक नकाशा.

लहरींचं आधी उरकून टाकू. हे तापमान काढणारा रेडिओमीटर काही सोडतच नाही. समुद्रातून आपसूक निघणारी क्षीण ऊर्जा तो फक्त गोळा करतो. आपल्या भास्कर-1 वर 1979 सालीच असं यंत्र होतं.

‘थेट मोजते’ हेही खरं नाही. 28 अंशांचं पाणी म्हणजे 301 केल्विन (अंशांत 273 मिळवले की केल्विन). पण मायक्रोवेव्हमध्ये समुद्र त्याच्या निम्म्याच्या आसपासच ऊर्जा सोडतो, त्यामुळे अँटेनेला तो साधारण 150 केल्विनचा भासतो, म्हणजे शून्याखाली 123 अंश! वारा, फेस, हवेतली वाफ यांचा वाटा वजा करून त्यातून 28 काढावे लागतात. खोल समुद्रात हा अंदाज अर्ध्या अंशाच्या आसपास बरोबर येतो, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

गोची आहे ती किनाऱ्याजवळ. जपानच्या 2012 सालच्या उपग्रहावरचा एएमएसआर-2 हा रेडिओमीटर घ्या. तापमानासाठी कामाच्या 6.9 गिगाहर्ट्झवर त्याची एक नजर सुमारे 35 बाय 62 किलोमीटरची. रत्नागिरीवर ठेवलीत तर अर्धा समुद्र आणि अर्धा तालुका एकाच आकड्यात. बरं, नजर समुद्रावर ठेवली तरी अँटेना कडेकडेनेही थोडं ऐकतेच. जमीन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा सोडते, तिचा आकडा 280 केल्विनच्या घरात जातो. म्हणजे फरक 130 चा. आलेल्या ऊर्जेत जमिनीचा वाटा नुसता एक टक्का धरा: आकडा 1.3 ने फुगला. आणि पाणी एक अंशाने तापलं तर हा आकडा साधारण अर्ध्यानेच वाढतो, म्हणून उत्तरात चूक अडीच अंशांची. 28 चे 31 व्हायला आणखी काय हवं? म्हणूनच किनाऱ्यालगतची अशी मापं सरळ टाकून देतात.

मग बंदराबाहेर रंग आला कुठून? माप नसलेल्या जागा शेजारच्या आणि आधीच्या आकड्यांवरून भरून काढतात. नकाशातला चौकोन एक किलोमीटरचा दिसला म्हणून माप एक किलोमीटरचं होत नाही.

ढगांचं मात्र बरोबर आहे. पण ढग आणि पाऊस यांत फरक आहे. धो धो कोसळत असेल तिथलं माप बाद. शिवाय कळतं ते वरच्या दोन-एक मिलिमीटरचं. दहा वाव खाली तारलीला काय वाटतंय, ते अँटेनेला ठाऊक नसतं.

जुलैत शंभर-दीडशे किलोमीटर बाहेरचं पाणी पाहायचं तर हेच तंत्र उपयोगी. बंदराच्या तोंडाशी किती अंश, हे हवं असेल तर ढग हटल्यावर इन्फ्रारेडची मापं बघा, नाहीतर दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडा.