भत्ता, कर आणि दादाची रेवडी

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू जर्सीतली माझी नोकरी गेली. सांगलीहून दादाचा फोन आला. दोन मिनिटं धीर दिला आणि गाडी मूळ पदावर: "म्हणजे आता सरकार तुला घरबसल्या पोसणार! आम्ही इथं लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांवरून भांडतोय, आणि तू डॉलरमध्ये रेवडी खाणार." वहिनीनं फोन काढून घेतला म्हणून बरं.

पुढचे वीस आठवडे ती रेवडी चावली. बेकारी भत्त्यासाठी दर आठवड्याला ऑनलाइन हजेरी. काम करण्याच्या स्थितीत होतात का? काम शोधलंत का? आलेलं काम नाकारलंत का? काही कमावलंत का? मित्राच्या दुकानाची वेबसाइट दुरुस्त करून १२० डॉलर मिळाले होते, तेही लिहिले. पैसे हातात कधी पडले हे ते बघत नाहीत, काम कोणत्या आठवड्यात केलं ते बघतात. बदल्यात आठवड्याला ८५४ डॉलर, ही त्या वर्षीची राज्याची कमाल रक्कम. तीही जास्तीत जास्त २६ आठवडे.

खरी गंमत जानेवारीत. वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा हिशेब देणारा १०९९-जी फॉर्म उघडला: १७,०८० डॉलर. न्यू जर्सी राज्य या भत्त्यावर आयकर लावत नाही, एवढंच कुठंतरी वाचून मी निर्धास्त होतो. केंद्र लावतं, आणि १९८७ पासून, एखाद-दुसऱ्या वर्षाची सवलत सोडली तर, पूर्ण रकमेवर लावतं. अर्ज करताना 'दहा टक्के कर कापायचा का?' असं विचारलं होतं. घराचा हप्ता डोळ्यांसमोर असताना कोण हो म्हणेल? बायकोचा पगार धरून आम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे जवळजवळ ३,७५८ डॉलर खिशातून. दहा टक्के कापू दिले असते तरी दोन हजारांवर उरलेच असते.

करावर माझा राग नाही. पगारावर कर, तर पगाराच्या जागी आलेल्या पैशांवरही कर, हे पटतं. दहा टक्क्यांहून जास्त कापून घ्यायची सोयच नाही, हे मात्र पटत नाही.

आणि रेवडी कसली? माझ्या जुन्या पे-स्लिपवर या भत्त्यामागच्या बेकारी विम्याची एक ओळ आहे. वर्षाला दीडशे-पावणेदोनशे डॉलर जायचे. मालकाचा वाटा वेगळा. कामगाराकडूनही वर्गणी घेणारी राज्यं अमेरिकेत मोजकीच, त्यातलं हे एक. शेजारच्या टेबलावरच्या एच-१बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरी-व्हिसावाल्या पोराचेही असेच कापले जात. नोकरी त्याचीही गेली. ग्रीन कार्ड असल्यानं मला भत्ता मिळाला. त्याच्यासारख्यांना सहसा मिळत नाही, नवी नोकरी शोधायला हातात फक्त ६० दिवस. रेवडीवर बोलायचं तर आधी त्याच्याशी बोलावं.

मार्चमध्ये दादाला हा हिशेब सांगितला. "आपल्याकडे असलं काही नाही," तो म्हणाला. आहे की! ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत निम्मी मजुरी मिळते. पण ईएसआयसीची पगारमर्यादाच महिना २१,००० रुपये, म्हणजे हिंजवडीतला इंजिनिअर बाहेर. आणि या सोयीच्याही कितीतरी आधी, विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आपली रोजगार हमी योजना: मागितल्यापासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. तो पैसा उभा करायला १९७५ मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर (प्रोफेशन टॅक्स) बसवला. गावातल्या मजुराच्या हमीसाठी शहरातल्या कारकुनाचे पैसे. असा उघड सौदा अमेरिकेतही मी पाहिला नाही.

दादा गप्प. मग कागदांची सळसळ ऐकू आली. पगारपत्रक काढलं असावं.

"पीटी, दोनशे," तो म्हणाला. "फेब्रुवारीत तीनशे कापतात. मी आजवर हा पाण्याचा काहीतरी कर समजत होतो."