चिमणा एकनिष्ठ म्हणून बीज एकसारखं? हिशेब नेमका उलटा आहे

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी ग्रुपांपासून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. वर विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकलेल्या सुगरणीच्या खोप्यांचा फोटो आणि खाली लांबलचक मजकूर. दावे थोडक्यात असे: गाणारी पाखरं जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहतात आणि घरट्यातली सगळी पिल्लं एकाच बापाची असतात. म्हणूनच निसर्गानं सगळ्या पाखरांचं बीज, म्हणजे शुक्राणू, ‘एकाच साच्यातलं’ घडवलंय. शुक्राणू जितका लांब तितका तो वेगवान, मादी नुसती वाट पाहते. जो नर गोड गातो त्याचं बीज जोमदार. आणि शेवटी, खानदेशातल्या उन्हानं चिमणे नपुंसक झाले, म्हणून चिमण्या दिसेनाशा झाल्या. माणसानं पाखरांकडून शिकावं, हा उपदेश तळाला आहेच.

खाली कोणीतरी विचारलंय, “काय भो, खरं राहतं का हे?” म्हणून हा खटाटोप.

आधी त्या फोटोबद्दल. एकनिष्ठेचा दाखला म्हणून सुगरणीचा खोपा लावणं हा विनोदच आहे. खोपा विणतो तो नर. तो अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन पारखून जातात, एखादीला पसंत पडला की तो पुरा करतो. लगेच शेजारी दुसरा खोपा सुरू, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात एका नराचे असे अनेक संसार होतात. फोटो निवडणाऱ्यानं चिमणीचा तरी लावायचा होता.

अर्थात चिमणीनंही फार काही वाचलं नसतं. जोडी दिसते, दोघं मिळून पिल्लांना भरवतात, हे खरं. पण सोबत राहणं आणि पिल्लांचा बाप असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे 1980च्या दशकात डीएनए चाचण्या आल्यावर कळलं. 2002 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. जोडीनं राहणाऱ्या जातींत सरासरी 11 टक्क्यांहून जास्त पिल्लं घरातल्या नराची नव्हतीच. ऑस्ट्रेलियातल्या निळ्या फेअरी-रेनमध्ये तर निम्म्याहून जास्त पिल्लं बाहेरच्या नरांची असतात. आपल्या अंगणातली चिमणीही याला अपवाद नाही. यात कोणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्यासारखं काही नाही. पाखरांनी आपल्याला तसं वचन कधी दिलंच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, साच्याचा. पाठ्यपुस्तकातलं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं: गोल डोकं, मागे शेपटी. कोंबड्याचा शुक्राणू सुद्धा तसा नसतो, तो सरळ, गुळगुळीत दोऱ्यासारखा असतो. गाणाऱ्या पाखरांचा तर वेगळाच प्रकार. त्यांच्या शुक्राणूचं डोकं स्क्रूसारखं पिळदार असतं, आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका शेपटीभोवती वेटोळे घेत लांबवर गेलेल्या असतात. तो वळवळत पोहत नाही, स्वतःभोवती गरगर फिरत पुढे सरकतो. स्वीडनचे शरीररचनातज्ज्ञ गुस्ताफ रेत्झियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निरनिराळ्या पक्ष्यांच्या शुक्राणूंची बारीक चित्रं काढून ठेवली आहेत. ती एकदा पाहिली की ‘एकच साचा’ हे शब्द तोंडातून निघणार नाहीत.

लांबीत तर विचारूच नका. गाणाऱ्या पाखरांत काही जातींचा शुक्राणू 50 मायक्रोमीटरच्या (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, तर काहींचा 250च्याही पुढे. माणसाचा साधारण 55. आपल्या चिमण्याचा सुमारे 100, म्हणजे तीस ग्रॅमचं पाखरू आणि शुक्राणू माणसाच्या जवळपास दुप्पट. युरोपातला बुलफिंच हाही गाणारं पाखरूच, पण त्याचा शुक्राणू आखूड, डोकं बोथट, पीळ जवळजवळ नाहीच. शरीराच्या आकाराशी याचा फारसा मेळ बसत नाही. (फळमाशीच्या एका जातीत शुक्राणू उलगडला तर साडेपाच सेंटिमीटरहून लांब भरतो. माशी मात्र काही मिलिमीटरचीच.)

मग एका जातीतल्या सगळ्या नरांचे शुक्राणू तरी एकसारखे असतात का? इथेच मेसेजची खरी पंचाईत होते. 2007 साली कालहिम, इम्लर आणि बर्कहेड यांनी अनेक जातींची मापं तपासली. मादी जास्त नरांशी मीलन करत असेल, म्हणजे अनेकांचे शुक्राणू एकाच वेळी तिच्या शरीरात स्पर्धेला उतरत असतील, तर त्या जातीत नरा-नरांमधला फरक कमी झालेला दिसतो. जिथे स्पर्धा ढिली, तिथे मापंही सैल. बुलफिंचचं बोथट डोकं याच ढिलाईचं फळ मानलं जातं. स्पर्धा कडक असली की जे माप कामी येतं त्याच्या आजूबाजूचे सगळे गळून पडतात. 2010 साली नॉर्वेच्या यान लिफयेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट उलटी वापरली: नरांच्या शुक्राणूंच्या लांबीत किती फरक आहे एवढं मोजा, आणि त्यावरून त्या जातीत परक्या बापाची पिल्लं किती असतील याचा अंदाज बांधा. अंदाज बऱ्यापैकी जुळतो.

म्हणजे मेसेज म्हणतो, एकनिष्ठ आहेत म्हणून बीज एकसारखं. मोजमाप सांगतं, बीज जितकं एकसारखं तितकी एकनिष्ठा कमी. झेब्रा फिंच घ्या. पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत पिंजऱ्यात दिसते ती, मुनियांच्याच कुळातली, मूळची ऑस्ट्रेलियाची. जंगलात तिच्या घरट्यात परक्या नराची पिल्लं अगदी मोजकी. आणि नरांचे शुक्राणू? एकाचे आखूड, दुसऱ्याचे लांब, मेळच नाही.

आता लांबीचा दावा. तो निखालस खोटा नाही, म्हणूनच खपतो. झेब्रा फिंचमध्ये लांब शुक्राणू वेगानं पोहतात आणि अंड्यापर्यंत पोचण्यात बाजीही मारतात, हे प्रयोगांत दिसलंय. मग सगळेच नर लांब शुक्राणूंचे का झाले नाहीत? उत्तर 2017 साली मिळालं. या पक्ष्याच्या झेड गुणसूत्राचा (पक्ष्यांत नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक) एक मोठा तुकडा काही नरांत उलटा बसलेला असतो. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात. एक प्रत सुलटी आणि एक उलटी असली, तरच शुक्राणू सर्वांत चपळ. दोन्ही प्रती एकसारख्या झाल्या की ती करामत संपली. असा बाप आपलं जमलेलं जोडपं मुलाला जसंच्या तसं देऊ शकत नाही. त्याच्याकडून मुलाला एकच प्रत जाते, दुसरी आईकडून येते. त्यामुळे विविधता टिकून राहते. आणि हा झेब्रा फिंचचा नियम. दुसऱ्या जातींत लांबी आणि वेगाचं नातं कधी दिसतं, कधी दिसत नाही.

मादी नुसती वाट पाहते, हे तर साफ चूक. तिच्या गर्भमार्गात गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक नळ्यांचे पुंजके असतात. मीलन क्षणभराचं, पण शुक्राणू त्या नळ्यांत कित्येक दिवस जिवंत ठेवले जातात, आणि रोज एक याप्रमाणे अंडी तयार होताना तिथून थोडे थोडे सुटतात. आलेल्यांतले बहुतेक तिथवर पोचतच नाहीत, आधीच बाहेर टाकले जातात. ब्रिस्की आणि मॉन्टगॉमेरी यांनी 1992 साली दाखवलं, की ज्या जातींत या नळ्या लांब, त्या जातींत शुक्राणूही लांब. म्हणजे नराच्या शुक्राणूची लांबी कशी घडली हे समजायचं तर मादीच्या शरीरात पाहावं लागतं.

गोड गाणं म्हणजे जोमदार बीज: काही जातींत तसा धागा सापडतो, पण सगळ्या अभ्यासांचा एकत्र ताळा घातला की भक्कम नातं उरत नाही. दयाळाचं गाणं ऐकावं ते ऐकण्यासाठी.

राहिलं ऊन. भुसावळचा पारा मे महिन्यात 45च्या वर जातो, त्यामुळे हा दावा आपल्याकडे पटकन पटतो. त्यात तथ्याचा कण आहे. झेब्रा फिंचना प्रयोगशाळेत कृत्रिम उष्णतेच्या लाटेत ठेवलं तेव्हा धड ठेवणीच्या शुक्राणूंचं प्रमाण घटलं. पण कमी झालं म्हणजे नर नपुंसक झाला असं नाही. शिवाय विणीच्या हंगामात गाणाऱ्या पाखरांच्या नरात अवस्कराजवळ (विष्ठा आणि शुक्राणू बाहेर पडतात त्या एकाच वाटेजवळ) एक फुगवटा तयार होतो. तयार शुक्राणू तिथे, शरीराच्या गाभ्यापेक्षा काही अंश थंड जागी साठवले जातात. आणि गावातल्या चिमण्या कमी होण्याचं खापर बीजावर फोडताना दोन साध्या गोष्टी मेसेजनं गाळल्या. पिल्लं पहिले काही दिवस किडे-अळ्यांवर वाढतात, आणि फवारणीनं शिवारातले किडेच घटतात. दुसरं, धाब्याच्या घरांत तुळया आणि भिंतीच्या सांध्यांत चिमणीला घरट्यासाठी फट मिळायची. स्लॅबच्या घरात ती ठेवलेलीच नाही.

एक सूचना. हे वाचून कोणी चिमणा पकडून मायक्रोस्कोप काढू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे, आणि अभ्यासक सुद्धा परवानगी काढूनच नमुने घेतात.