फाशी द्या म्हणताय, पण कोणाला?

नाशिकची पेरूच्या बागेतली केस किती जणांना आठवते माहीत नाही. ५ जून २००३ ची रात्र. बागेत झोपडी करून राहणारं गरीब कुटुंब, जेवणं उरकली होती, घरातली माणसं गप्पा मारत बसली होती आणि सात-आठ जण आत घुसले. पैसे घेतले, दागिने घेतले, मारहाण केली, पाच जणांचे जीव घेतले. आईवर आणि पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, मुलगी त्यातच गेली. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले, तेही जबर जखमी होऊन.

ही बातमी आज आली असती तर आपल्या प्रत्येकाच्या वॉलवर दोनच शब्द असते, फाशी द्या. माझ्याही वॉलवर असते. त्या रागात काही चूक आहे असं मी म्हणणारच नाही, असलं काही वाचून ज्याचं रक्त तापत नाही त्याच्याशी मला बोलायचंही नाही. मला पुढचं सांगायचंय.

पोलिसांनी सहा जण पकडले. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे, जामिनाला माणूस उभा करायचीही ऐपत नसलेले. २००६ मध्ये नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये हायकोर्टानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं जन्मठेप कमी आहे, सहाही जणांना फाशीच. म्हणजे खालपासून वरपर्यंत तीन कोर्टांनी तेच पुरावे बघितले आणि तिन्हींना हे सहा जण गुन्हेगार वाटले.

आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं.

का सोडलं ते नीट वाचा, कारण माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. काही टेक्निकल पॉइंट निघाला, एखादी सही राहिली, असलं काही नव्हतं. वाचलेल्या त्या आईला घटनेनंतर लगेच पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिनं त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं होतं. चौघं! या सहामधलं त्यात कोणीच नव्हतं. त्या चौघांचं काय झालं? काही नाही. ना अटक, ना चौकशी, ना खटला. नंतर ओळख परेड झाली, हे सहा जण उभे केले गेले, आणि जिचं अख्खं घर गेलंय, जी स्वतः मरता मरता वाचली आहे अशा बाईनं पुढे कोर्टात यांनाच ओळखलं. मी तिला जराही दोष देत नाही. दोष त्यांचा, ज्यांच्या हातात तिनं दाखवलेली चार नावं होती आणि ज्यांनी ती कागदातच ठेवून दिली.

सहा जण १६ वर्षं आत होते, त्यातली बहुतेक वर्षं डोक्यावर फाशी घेऊन. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी १८ चाही नव्हता, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. एकाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. कोर्टानं प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितले आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचं बघा असं गृहखात्याला सांगितलं. पाच लाख. १६ वर्षांचे.

आता मला सांगा, त्या बाईला काय मिळालं? पोर गेली, घरची माणसं गेली, आणि १६ वर्षांनी कळतं की ज्यांना आत ठेवलं होतं ते ते नव्हतेच. फाशी झाली असती तर हेसुद्धा कळलं नसतं. केस क्लोज, आपण सगळे म्हणालो असतो न्याय मिळाला, आणि तिनं दाखवलेले ते चौघं कुठंतरी आरामात जगत असते.

लोक मला म्हणतात तू आरोपींची बाजू घेतोस. अरे बाबांनो, मी त्या बाईची बाजू घेतोय. चुकीचा माणूस लटकवला की खरा माणूस कायमचा सुटतो, त्याला परत कोणी शोधायला जात नाही. फाशीच्या वादात निम्मे लोक हे बघतच नाहीत, त्यांना वाटतं एका पारड्यात पीडित आहे आणि दुसऱ्यात आरोपी.

आणि हे होतं कसं? गुन्हा जेवढा भयंकर तेवढा लोकांचा राग मोठा, मोर्चे निघतात, रस्ते अडवतात, विधानसभेत गोंधळ होतो, मंत्री २४ तासात आरोपी पकडू असं बोलून जातात, मग एसपीवर प्रेशर, एसपीचं पीआयवर आणि पीआयचं खाली हवालदारापर्यंत, आणि कुणीतरी पकडून आणावंच लागतं. अशा वेळी कोण सापडतं? ज्याला वकील नाही, ज्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, ज्याच्या जमातीवरच गावाचा आधीपासून संशय असतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून कोणत्या पालावर जाते हे ग्रामीण भागातल्या माणसाला मी सांगायला नको. नाशिकच्या त्या निकालात सुप्रीम कोर्टानंच लिहिलंय की हे लोक भटक्या जमातीतले, तळातले, त्यामुळे यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

म्हणजे जिथं तपास सगळ्यात काळजीपूर्वक व्हायला हवा नेमका तिथंच तो सगळ्यात घाईत होतो. आणि नेमकी तिथंच आपण अशी शिक्षा मागतो जी मागं घेता येत नाही. ‘विरळात विरळ’ गुन्ह्यालाच फाशी, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये बच्चनसिंग केसमध्ये ठरवलं, ठीक आहे. पण गुन्हा विरळ असला म्हणून पुरावा आपोआप पक्का होत नाही.

दुसरी केस मुंबईची, आणि ती मला जास्त जवळची आहे कारण मी पश्चिम रेल्वेवरचा. ११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दी, अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, १८९ माणसं गेली. आमच्या बिल्डिंगमधले एक काका त्यातल्याच एका गाडीत शेजारच्या डब्यात होते, तेव्हापासून त्यांना एका कानानं नीट ऐकू येत नाही. २०१५ मध्ये स्पेशल कोर्टानं १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तर २०२१ मध्ये कोविडनं जेलमध्येच गेला होता, त्याला आपण निर्दोष सुटलो हे कळलंच नाही.

हायकोर्टानं काय म्हटलं? वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबात तोच तोच मजकूर, जणू एकावरून दुसरा उतरवलेला. टॅक्सीवाल्यांनी शंभराहून जास्त दिवसांनी आरोपी ओळखले, तोपर्यंत गप्प. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये देऊ नका, पण सुटलेल्यांना परत आत घातलेलं नाही. शेवटचा निकाल यायचाय हे मलाही मान्य.

तो निकाल टीव्हीवर आला तेव्हा मी काकांकडेच बसलो होतो. मला वाटलं आता चिडणार, शिव्या देणार. ते बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “मग केलं कोणी?” काकूंनी टीव्ही बंद केला. मला उत्तर देता आलं नाही, आणि १९ वर्षांनंतर आता कोण देणार आहे.

इथं कोणीतरी कसाबचं नाव काढणार हे मला माहितीये, दर वेळी निघतं. कसाबबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही, त्याचा सीएसटीवरचा बंदूक घेतलेला फोटो सगळ्या जगानं बघितला. पण त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघं भारतीय, हे किती जणांना आठवतं? आरोप असा की मुंबईचे नकाशे काढून त्यांनी दिले. पुरावा म्हणून पोलिसांनी एक हातानं काढलेला नकाशा आणला, कसाबचा मारला गेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला म्हणून. न्यायाधीश टहलियानींनी तो कागद नीट बघितला. पँट रक्तानं माखलेली, आणि नकाशा स्वच्छ. ना डाग, ना चुरगळलेला. दोघं त्या खटल्यातून निर्दोष सुटले, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. विचार करा, देशात त्या वेळी काय वातावरण होतं, आणि तरी एका न्यायाधीशानं शांतपणे एक कागद तपासला म्हणून दोन माणसं वाचली. कसाबच्या नावावर फाशीचं समर्थन करताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या या दोघांचाही हिशोब धरावा लागेल.

“तुझ्या घरात झालं असतं तर?” हा प्रश्न पण येईल. माझ्या घरात झालं असतं तर मी वेडा झालो असतो, स्वतः कायदा हातात घ्यायला निघालो असतो कदाचित. पण मला तोच माणूस हवा असता ज्यानं केलं. त्याच्याऐवजी पोलिसांना सोयीचा पडला म्हणून दुसराच कोणी नाही.

आणि ही दिरंगाई. आपण सगळे ओरडतो, तारीख पे तारीख, वीस वीस वर्षं फाशी का देत नाहीत. नाशिकच्या त्या सहा जणांचा फेरविचार अर्ज २०१० मध्येच फेटाळला गेला होता. तेव्हा असे अर्ज न्यायाधीश चेंबरमध्ये बसून निकाली काढायचे, वकिलाला उभंही राहता यायचं नाही. २०१४ मध्ये घटनापीठानं सांगितलं की फाशीच्या केसमध्ये फेरविचार खुल्या कोर्टात ऐका, त्या जोरावर २०१८ मध्ये यांची फाईल परत उघडली. म्हणजे २०१० नंतर सरकारनं आपल्याला हवा होता तेवढा झटपट कारभार केला असता तर ते सहा जण २०१९ ला नसतेच. लहान मुलांच्या खुनांच्या, नोएडाच्या निठारी केसमधल्या आरोपीची फाशी सप्टेंबर २०१४ मध्ये मध्यरात्रीनंतर थांबवली गेली, काही तासांवर आलेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो शेवटच्या केसमधूनही निर्दोष सुटला. त्या लहान मुलांना कोणी मारलं, सांगा बरं आता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, फाशी नको. मरेपर्यंत जन्मठेप द्या, पॅरोल नको, सूट नको, मला काही हरकत नाही. जेलमधल्या माणसाची केस परत उघडता येते. २०१५ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या विधी आयोगानं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा असं सांगितलं, मी तर दहशतवादाचाही अपवाद ठेवणार नाही, लोकल स्फोटांच्या त्या निकालानंतर तर अजिबात नाही.

आणि ज्यांना फाशी हवीच आहे त्यांच्याशी मी भांडणार नाही, पण निदान दोन गोष्टी माझ्यासोबत मागा. खोट्या केसमध्ये आयुष्य गेलेल्यांना भरपाई द्यायचा कायदा करा, विधी आयोगानं २०१८ मध्येच तसा अहवाल दिलाय. आणि कोणी निर्दोष सुटला की त्याच दिवशी मूळ गुन्ह्याचा तपास नव्यानं, दुसऱ्या टीमकडून सुरू व्हायला हवा, सक्तीनं. आत्ता निकाल लागतो, आरोपी घरी जातो, पोलीस म्हणतात आम्ही अपील करू, आणि पीडितांच्या घरी सांगायलाही कोणी जात नाही. पुढच्या अधिवेशनाआधी तुमच्या आमदाराला, खासदाराला हे लिहून पाठवा, मी आमच्याकडच्या दोघांना पत्र टाकलंय, ड्राफ्ट हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा.