‘खाज थांबेपर्यंत रोज औषध लावा’: उवा-खरजेवरच्या एका सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

उवा आणि खरजेवरच्या औषधांबद्दल एक लांबलचक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: गरम पाण्याने घासून आंघोळ करा, खाजेल तिथे औषध लावा, खाज थांबेपर्यंत रोज लावा, ज्याला त्रास आहे त्यालाच लावा, औषध मिळालं नाही तर जनावरांचं किंवा फवारणीचं वापरा, आणि शेवटी सगळं घर उकळून काढा. औषध जितकं कडक आणि जितक्या जास्त वेळा, तितका गुण लवकर, असा त्यामागचा समज आहे. पण यातली बरीचशी औषधं कीटकनाशकंच आहेत. ठरलेली तीव्रता, ठरलेला वेळ आणि दोन वेळांमधलं ठरलेलं अंतर पाळलं, तरच ती माणसाच्या अंगावर सुरक्षित राहतात. म्हणून या संदेशातला एकेक दावा तपासून बघायला हवा.

‘दोन्हींवर एकच औषध चालतं.’

नाव एक असलं तरी औषध एक नसतं. परमेथ्रिन हे कीटकनाशक डोक्यातल्या उवांसाठी १ टक्का वापरतात आणि १० मिनिटांनी धुतात. खरजेसाठी तेच ५ टक्के लागतं आणि अंगावर ८ ते १४ तास ठेवावं लागतं. ऊ केसांवर उघडी फिरते. खरूज ज्या बारीक किड्यामुळे होते त्याची मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बोगदा करून राहते आणि तिथेच रोज दोन-तीन अंडी घालते. उवांचं लोशन अंगाला चोळलं तर ती वाचते. उलट, खरजेचं मलम डोक्याला लावून उवा जास्त मरतात असंही नाही. परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवांच्या मज्जातंतूंतच बदल झालेला असतो, त्यामुळे तीव्रता वाढवून फारसा फरक पडत नाही. तिथे औषधाचा गटच बदलावा लागतो.

‘आधी कडक गरम पाण्याने घासून आंघोळ करा, म्हणजे रंध्रं उघडतात आणि औषध आत जातं.’

औषध आत जायलाच नको आहे. किडा वरच्या थरात आहे, तेव्हा औषधही तिथेच राहायला हवं. गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घासल्याने त्वचा सोलवटते, आणि औषध रक्तात जास्त शोषलं जातं. धड त्वचेवर लावलेल्या परमेथ्रिनपैकी दोन टक्क्यांहूनही कमी शोषलं जातं. ती मर्यादा आपणहून का ओलांडायची? आंघोळ केलीच तर साध्या पाण्याने करावी, अंग कोरडं करावं, त्वचा पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच मलम लावावं.

डोक्यालाही हेच लागू आहे. लोशन धुताना पाणी गरम नको, कोमट किंवा गार हवं. शॉवरखाली उभं राहून धुण्यापेक्षा बेसिनवर वाकून धुवावं, म्हणजे औषध अंगभर ओघळत नाही. डोळ्यांवर कापड धरावं. डोळ्यात गेलंच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा.

‘जिथे खाज येते तिथेच लावा.’

खाज आणि किडा एकाच जागी असतील असं नाही. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर बहुधा १० ते १५ किडेच असतात, तरी पुरळ सगळीकडे उठतं, कारण ती शरीराची ॲलर्जी असते. म्हणून मलम मानेपासून खाली एकही जागा न सोडता लावायचं: बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबी, कंबर, स्तनाग्रं आणि स्तनांखालची घडी, जननेंद्रियं, नितंबांमधली फट, तळपाय. नखं आधी बारीक कापायची आणि नखांखाली जुन्या टूथब्रशने मलम भरून तो ब्रश टाकून द्यायचा. खाजवून खाजवून किडे आणि अंडी तिथे अडकलेली असतात, आणि सगळ्यांत जास्त वेळा हीच जागा सुटते.

प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागतं. तेवढी एक ट्यूब चौघांत पुरवली तर चौघांचेही उपचार फसतात. रात्री लावून सकाळी धुणं सोयीचं पडतं. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोकं, कपाळ, कानामागे आणि मानेलाही लावावं लागतं, फक्त डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोवतालची जागा सोडून. बाळ हात चोखत असेल तर हातांवर मोजे चढवावेत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्रं धुवावीत आणि नंतर तिथे पुन्हा मलम लावावं. दोन महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रिन स्वतःच्या मनाने लावू नये. अशा बाळांसाठी डॉक्टर बहुधा गंधकाचं ५ ते १० टक्क्यांचं मलम सलग तीन रात्री लावायला देतात.

‘खाज थांबेपर्यंत रोज लावा.’

संपूर्ण संदेशातलं सर्वांत घातक वाक्य हे आहे, आणि लोक नेमकं हेच पाळतात.

किडे मेले तरी त्यांची शरीरं, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा त्वचेच्या वरच्या थरात तशीच राहते. शरीराला ॲलर्जी असते ती याच गोष्टींची. हा थर झडून नवा यायला वेळ लागतो, म्हणून उपचार अगदी बरोबर झाला तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. पहिल्या काही दिवसांत ती वाढल्यासारखीही वाटते. ‘औषध लागू पडलं नाही’ असं समजून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मलम चोपडतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता औषधानेच त्वचा कोरडी पडते, लाल होते, चुरचुरते. ही नवी खाज जुन्या खाजेत मिसळते आणि औषध आणखी वाढतं. खरजेवरचं दुसरं औषध, बेंझिल बेंझोएट, वापरणाऱ्यांत हे फार होतं, कारण ते मुळातच झोंबतं. २५ टक्क्यांचं लोशन मोठ्यांसाठी असतं, मुलांना ते डॉक्टर सांगतील तितकं पातळ करूनच लावायचं.

लिंडेन, म्हणजेच गॅमा बेंझीन हेक्साक्लोराइड, हे जुनं औषध तर याहून धोक्याचं. ते मेंदूवर परिणाम करतं. वारंवार किंवा जास्त वेळ लावल्याने झटके आल्याची आणि मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने लिंडेनला टिकाऊ विषारी रसायनांच्या यादीत घातलं. असं औषध ‘रोज लावा’ म्हणणं म्हणजे विषबाधेची सोय करणं आहे.

परमेथ्रिन दोनदा लावायचं: आज एकदा, सात दिवसांनी दुसऱ्यांदा. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पहिल्या वेळी जे वाचलं किंवा जी जागा सुटली, ते दुसऱ्या वेळी सापडतं. मधल्या दिवसांत अंगाला साधं मॉइश्चरायझर लावावं, आणि झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्यावी.

उपचार खरोखर फसलाय हे ओळखायचं ते खाजेवरून नाही, नव्या बोगद्यांवरून. बोटांच्या बेचक्यांत किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला काही मिलिमीटर लांबीची, राखाडी, वाकडीतिकडी रेघ दिसते. तिच्या एका टोकाला बारीकसा ठिपका असतो, तीच मादी. शंका असेल तर त्या रेघेवर शाईच्या पेनाने शाई फासून स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. बोगदा असेल तर शाई आत उतरलेली असते आणि रेघ निळी दिसत राहते. उपचारानंतर नव्या रेघा, नवे फोड दिसले किंवा खाज चार आठवड्यांपलीकडे गेली, तर पुन्हा तपासून घ्यावं.

खाज दाबायला तयार मिळणारी स्टिरॉइडची मिश्र मलमं उपचाराआधी लावू नयेत. लाली जाते, किडे वाढत राहतात, आणि नंतर डॉक्टरांनाही खरूज ओळखणं अवघड होतं.

‘ज्याला त्रास आहे त्यालाच औषध द्या.’

पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि त्या काळातही ती दुसऱ्याला लागते. म्हणून घरात राहणाऱ्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी मलम लावायचं. आज मुलाने, पुढच्या आठवड्यात आईने, असं केलं तर खरूज घरातच फिरत राहते.

उवांचं मात्र वेगळं आहे. तिथे घरातल्या सगळ्यांची डोकी फणीने तपासायची आणि ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्यालाच औषध लावायचं. नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावू नये. टाळूपासून सहा मिलिमीटरपेक्षा लांब असलेली लीख बहुतेक वेळा फुटून गेलेली किंवा मेलेली असते, केस वाढला तशी ती पुढे सरकलेली असते. कोंडा चिमटीत धरला की निघतो, लीख केसाला चिकटून बसते.

‘उवांचं औषध रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.’

१ टक्का परमेथ्रिनला १० मिनिटं पुरतात. केस साध्या शाम्पूने धुवावेत, कंडिशनर लावू नये, कारण त्याच्या थरामुळे औषध केसाला धरत नाही. टॉवेलने टिपून लोशन मुळांपासून टोकापर्यंत लावावं, १० मिनिटांनी धुवावं आणि पुढे एक-दोन दिवस शाम्पू करू नये. ८ ते १२ तासांनी बारीक फणी फिरवून बघावं. उवा आहेत पण मंद हलताहेत, तर औषध काम करतंय, लगेच पुन्हा लावू नये. पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळताहेत, तर त्या या औषधाला दाद देत नाहीत. तेच पुन्हा लावण्याऐवजी दुसऱ्या गटाचं औषध विचारावं.

दुसरी वेळ नवव्या दिवशी. सगळ्या लिखा औषधाने मरत नाहीत, पण त्या सात ते नऊ दिवसांत फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लांना अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ-दहा दिवस लागतात. या फटीत त्यांना गाठायचं असतं. दुसऱ्याच दिवशी लावलं तर लिखा अजून बंदच असतात.

रात्रभर ठेवायचं औषध आहे ते मॅलॅथिऑन ०.५ टक्के, पण त्यात अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. केस ओले असताना ड्रायर, चूल, मेणबत्ती, सिगारेट, काहीही जवळ नको, आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही. कीटकनाशक नकोच असेल तर डायमेथिकोन हा चांगला पर्याय आहे. ते उवेला लेपून टाकतं, तिच्या मज्जासंस्थेवर काम करत नाही. अगदी लहान मुलांसाठी ओल्या केसांत भरपूर कंडिशनर लावून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी बारीक फणीने विंचरणं हाच आधी करायचा उपाय. वेळखाऊ आहे, पण काम करतो.

‘औषध नसेल तर रॉकेल, फवारणीचं किंवा जनावरांचं औषध पातळ करून वापरा.’

नाही. रॉकेलने टाळू भाजते, ते पेटतं, आणि पोटात गेल्यावर फुप्फुसात उतरलं तर जीवघेणा न्यूमोनिया होतो. पिकांवरच्या कीटकनाशकांची तीव्रता कितीतरी पट असते आणि त्यांतले द्रावक त्वचेतून विष आत नेतात. असं काही लावल्यावर लाळ, घाम, उलट्या, आकसलेल्या बाहुल्या, धाप किंवा झटके दिसले तर अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने धुवावं आणि औषधाची बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठावं.

आयव्हरमेक्टिन हे खरजेवर पोटात घ्यायचं औषध जनावरांसाठीही मिळतं, त्याचा हिशेबही समजून घ्या. खरजेसाठी माणसाला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. घोड्यांसाठीच्या १.८७ टक्के पेस्टच्या एका नळीत ११३ मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं, ते साधारण साडेपाचशे किलोच्या जनावराचं माप आहे. माणसांची गोळीही डॉक्टरांनी वजन बघूनच द्यायची. ती अंडी मारत नाही, म्हणून एका मात्रेवर थांबायचं नाही, दुसरी ७ ते १४ दिवसांनी घ्यायची. गरोदरपणात आणि १५ किलोंखालच्या मुलांना ती देत नाहीत.

‘सगळं घर उकळा, गाद्या फेका, फवारणी करा.’

इतकं करावं लागत नाही. माणसापासून वेगळा झालेला खरजेचा किडा दोन-तीन दिवसांत मरतो, ऊ एक-दोन दिवसांत. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवावेत. खरजेचा किडा ५० अंश सेल्सियसला १० मिनिटांत मरतो. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बंद करून ठेवावं. कंगवे आणि फण्या गरम पाण्यात बुडवाव्यात. घरात फवारणी करू नये, त्याने खरूज जात नाही आणि विष मात्र श्वासातून आत जातं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन लावलेल्या हातांनी तिला उचलू नका, मांजरांच्या शरीरात ते विष ठरतं.

‘पू झाला तरी औषध चालू ठेवा, पू निघून जातो.’

खाजवून फुटलेल्या त्वचेत जंतू शिरले की त्यांचा उपचार आधी किंवा सोबत व्हावा लागतो. काही स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येते. मुलाचा चेहरा सुजला, लघवी चहासारखी गडद झाली किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. आणि जाड खपल्या धरल्या असून खाज फारशी नसेल, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसात, तर ती खपल्यांची खरूज असू शकते. तिच्यात किडे हजारो ते लाखो असतात आणि नुसत्या मलमाने ती आवरत नाही.

‘पंधरा दिवस शाळा बंद.’

गरज नाही. साध्या खरजेत पहिल्यांदा मलम लावून धुतलं की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतं, उवांवरही पहिल्या उपचारानंतर तसंच. दुसऱ्या वेळेची तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवावी.