अंगठा उठत नाही

ओटीपी कोणालाही सांगू नका! बँकेच्या मेसेजखाली हेच, भिंतीवरच्या पोस्टरवर हेच, मध्यंतरी तर कोणाला फोन लावला की घंटी वाजायच्या आधी हेच ऐकावं लागे. आणि आमच्या गावात काय चालतं? सेतूवाला ओरडतो, "आला का? बोला लवकर, टाइम चालला!" अन् म्हातारी माणसं रांगेतूनच एकेक आकडा मोठ्यानं सांगतात. सारं गाव ऐकतं. नाही सांगावं तर काम होत नाही. सांगावं आणि उद्या खात्यातून पैसे गेले, तर "तुम्हीच सांगितला ना?" हेही आम्हीच ऐकायचं.

तो ओटीपीही येईल तर. आमच्याकडे लाइन गेली की थोड्याच वेळात टॉवरही मान टाकतो. मग मारुतीच्या पारावर माणसं मोबाईल उंच धरून उभी. दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी अकराव्या मिनिटाला पोचतो. कर्ज वाटणाऱ्या पोरीचा फोन मात्र वावरात डवरणी चालू असतानाही बिनचूक लागतो. "सर, पर्सनल लोन चाहिए क्या?" हव माय, पाहिजे, पण त्याचाही ओटीपी येणार नाही!

लाडक्या बहिणींचं घ्या. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये. निवडणुकीत २१०० चं आश्वासन दिलं, तेव्हा कोणी केवायसी मागितली नव्हती. निवडणूक झाली, सरकार बसलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. बाईचा आधार, बाईचा ओटीपी, वरून नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार अन् त्याचा ओटीपी. हा फॉर्म ज्यानं बनवला त्यानं यवतमाळ जिल्हा नकाशावर तरी पाहिला होता का? इथं गावोगावी तरण्या विधवा आहेत. नवऱ्यानं फवारणीचंच औषध घशाखाली घातलं, बाप आधीच गेलेला. तिनं ओटीपी कुठून आणायचा, स्मशानातून? बोंबाबोंब झाली तेव्हा कुठं १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि अशा बायांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं. म्हणजे पुन्हा दाखला, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा एक मजुरी बुडाली. ज्या बाईच्या नवऱ्याची आत्महत्या मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवायला सरकारनं एकदा सातबारा अन् कर्जाचे कागद तपासले, तिलाच आता तो मेला असं पुन्हा सिद्ध करायला लावता? तुमच्याच फायलीत आहे ना तो!

आता अंगठ्याचं सांगतो, माझं खरं डोकं तिथं फिरतं.

माझ्या मायचा अंगठा कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या मशीनवर उठत नाही. काहून उठंन? जन्मभर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचला तिनं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, नखाच्या कडेला चिरा पडतात. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऐन थंडीत चालते, तेव्हा कातडी आणखी उलते. असं वर्षानुवर्षं चाललं की बोटावर रेषा कुठून राहणार? दुकानदार तरी काय करणार, तो सांगतो, "काकू, हात धुऊन या." मग, "केसावर घासून पाहा, थोडं तेल लागंन." माझी माय भर दुकानात डोक्यावर अंगठा घासत उभी आणि मागचे हसतात. मशीन लाल दिवा दाखवते. दुसरं बोट लाव. तिसरं लाव. दहाही बोटं झाली, आता काय पायाची लावायची?

नियमात पर्याय आहेत, मला माहीत आहे, कोणी शिकवायला येऊ नका. डोळ्याचं स्कॅन आहे, ओटीपी आहे, अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नये अशी केंद्राची सूचनाही आहे. पण सूचना दिल्लीत आणि मशीन इथं. डोळ्याचं यंत्र आमच्या दुकानात नाही. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम बंद पडून जमाना झाला. नंबर बदलायला तालुक्याच्या आधार केंद्रात जा, तिथं पहिल्यांदा काय मागतात? अंगठा! घ्या. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिला, केवढा सोहळा झाला होता. एवढ्या वर्षांत कापूस वेचणाऱ्या बाईचं बोट ओळखणारं मशीन कोणाला बनवता आलं नाही, आणि ओळख पटत नाही हा दोष तिचा.

अन् साऱ्या मुदती वेचणीच्या दिवसांतच कशा येतात? पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. लाडक्या बहिणीची केवायसी नोव्हेंबर-डिसेंबरात. हे मंत्रालयातल्या कोणाला सुचत नसेल का, की याच दिवसांत वेचणाऱ्या बायांना किलोवर पैसे मिळतात आणि एक दिवस रांगेत गेला की तेवढे किलो गेले?

कास्तकाराचं तर विचारूच नका. ई-पीक पाहणी २०२१ पासून, म्हणजे स्वतःच्या वावरात उभं राहून स्वतःच्याच पिकाचा फोटो काढून सरकारला पटवायचं की ही तूर आहे. मग पीएम किसानची केवायसी. मग फार्मर आयडी. मग २०२५ मध्ये हमीभावानं कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८११० रुपये हमीभाव होता, वाचून बरं वाटलं. पण नोंदणी, मंजुरी, तारखेचं बुकिंग आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हे सारं जुळेपर्यंत ज्याच्या डोक्यावर उधारी बसलेली आहे तो व्यापाऱ्याला कापूस देऊन मोकळा होतो. आणि बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत काढून टाकलं, तेव्हा? तेव्हा आमच्या मोबाईलवर कुठला ओटीपी आला नाही. विदर्भातल्या कास्तकारानं संमतीचा अंगठा दिला का, हे कोणी पाहिलं नाही.

दवाखान्यातही तेच. मायला शुगर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तर खिडकीवरचा पोट्टा म्हणतो, "हा कोड स्कॅन करा, आभा नंबर टाका, मंग चिठ्ठी." आभा म्हणजे आरोग्याचा आणखी एक सरकारी नंबर. कॉम्प्युटर बंद, म्हणजे चिठ्ठी बंद, म्हणजे आजार बंद असं समजायचं का? कशीबशी चिठ्ठी निघाली तर डॉक्टर नाही, आणि डॉक्टर होता त्या दिवशी गोळी नाही, "बाहेरून घ्या." पाच लाखांचा इलाज फुकट म्हणून कार्ड काढलं, तर रेशन कार्डावर मायच्या नावापुढं 'बाई' आहे आणि आधारवर नाही. झालं, दोन वेगळ्या बाया! अंगणवाडीतल्या लेकराला विचारा, तेही सांगंन ही एकच बाई हाये. मग लोक व्हॉट्सॲपच्या वैद्याकडे वळले तर बोलता कोणाला? कुठल्या पाल्याचा रस घ्या, शुगर मुळासकट जाते, हे वाचून आमच्या गल्लीत दोघा-तिघांनी चांगल्या चालू गोळ्या सोडल्या. मी भांडलो, शिव्या खाल्ल्या. पण तो वैद्य लाइन गेली तरी हजर असतो आणि चिठ्ठी मागत नाही, हेही खरंच.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे साहेब लोक थंडीत इकडे येतात, तर्री-पोहे खातात, सांबारवडी खातात, संत्र्याच्या पेट्या घेऊन परत जातात. त्यांना काय सांगायचं! रात्रीच्या लाइनवर ओलित करताना रानडुक्कर अंगावर येतं, हे सांगून सांगून लोकांची जीभ झिजली.

आणि मतदानाचं पाहा. २०२४ च्या लोकसभेला ८५ च्या वरच्या म्हाताऱ्यांचं मत घ्यायला माणसं घरी आली, बाजेवर बसल्या जागी मत घेतलं. शेजारच्या बुढ्याला अंगणातही यायला लागलं नाही. चांगलं केलं, मी नाव ठेवत नाही. मग तोच बुढा रेशनसाठी दुकानापर्यंत पोराच्या पाठुंगळी काहून जातो? मत घ्यायला सरकारला पाय फुटतात, धान्य द्यायला फुटत नाहीत? आणि माय केंद्रावर गेली तेव्हा तिच्या बोटाला बिनदिक्कत शाई लावली. रेषा आहेत की नाहीत हे कोणी पाहिलं नाही, डोक्यावर बोट घासायला लावलं नाही, सर्व्हरही डाऊन नव्हता.

आता नवीन आलं आहे म्हणे, चेहरा दाखवायचा. मोबाईलच्या गोल चौकटीत तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे, की झाली ओळख. पोरानं मायसमोर मोबाईल धरला. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. "आजी, डोळे मिचकव." तिनं मिचकवले. चक्र फिरत राहिलं, मग इंग्रजीत काहीतरी आलं आणि बंद पडलं. पोरगं म्हणालं, "पुन्हा." माय उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मत मांगाले आला व्हता थो पुढारी, त्यानं तं लांबूनच वळखलं मले, पाया बी पडला. त्यालेच बोलाव."