‘चिप लावा, 35 टक्के पेट्रोल वाचवा’: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘कार कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा असा: स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये चिप लावली की ॲव्हरेज 35 टक्के वाढतं. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधा. पाण्यावर चालणारं हायड्रोजन किट बसवा. पेट्रोल पहाटेच भरा आणि शंभर-दोनशेऐवजी एकशे दहा, दोनशे दहाचं भरा. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा. प्रीमियम पेट्रोल टाका. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’, हात जोडलेले इमोजी आणि त्याखाली चिप विकत घ्यायची लिंक. ती लिंक पाहिली की बाकीचा मजकूर कशासाठी लिहिलाय ते कळतं. तरी शहाणीसुरती माणसं तो पुढे ढकलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

सुरुवात चिपपासूनच, कारण पैसे तिथे जातात.

ज्या सॉकेटची गोष्ट चालली आहे त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. सोळा पिनांचं हे सॉकेट गाडीचा आजार शोधायला असतं. सर्व्हिस सेंटरमधला माणूस तिथेच स्कॅनर लावून ‘चेक इंजिन’चा दिवा का लागला ते बघतो. विक्रेत्याचं म्हणणं असं की त्यांची चिप या पोर्टमधून गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी बोलते, दोनशे किलोमीटरमध्ये तुमची चालवण्याची पद्धत शिकते आणि मग इंजिनाचं ट्युनिंग बदलते.

परदेशात संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी असली एक डबी उघडून पाहिली. आत होतं काय? एक बटण, एक छोटी चिप, तीन एलईडी आणि त्यांना वीज देणारं जुजबी सर्किट. गाडीच्या नेटवर्कशी बोलायला जो ट्रान्सीव्हर लागतो तो बोर्डावर दिसलाच नाही. मग डबी लावून आणि काढून, दोन्ही वेळा गाडीच्या नेटवर्कवरचे संदेश तपासले. डबीकडून एकही संदेश गेलेला नव्हता. बटण दाबलं की दिवे लुकलुकतात, एवढंच तिचं काम. काही विक्रेते पेट्रोल गाडीला एक रंग आणि डिझेलला दुसरा रंग देतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं आत काहीतरी वेगळं आहे.

दोनशे किलोमीटरची अट मात्र हुशारीची आहे. तेवढे दिवस तुम्ही ॲव्हरेजकडे डोळे लावून बसता. ॲक्सिलरेटर हळू दाबता, सिग्नल लांबून दिसला की पाय काढता. लीटरमागे एखाद-दीड किलोमीटर खरंच वाढतं आणि त्याचं श्रेय जातं डबीला. तोपर्यंत परत करायची मुदतही संपलेली असते.

आता ‘कंपन्या लपवतात’ या आरोपाकडे बघू. आपल्याकडे 2017-18 पासून कार कंपन्यांना सरासरी इंधनखपतीचे, म्हणजे ‘कॅफे’चे निकष लागू आहेत. विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते, आणि 2022-23 पासून ती मर्यादा आणखी कडक झाली. अर्धा-एक टक्का पदरात पडावा म्हणून कंपन्या इंजिन ऑइल पातळ करतात, टायर बदलतात, पत्र्याचं वजन उतरवतात, मोटर आणि बॅटरी जोडून हायब्रिड काढतात. हजार-दीड हजारांच्या डबीने 35 टक्के मिळत असते तर ती कारखान्यातच बसून आली असती आणि जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत झळकली असती. ज्या देशात गाडी बघायला आलेला पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ असा विचारतो, तिथे ही गोष्ट लपवून कोणाचं भलं होणार आहे?

चुंबकाचा मुद्दा याच माळेतला. म्हणे चुंबकामुळे पेट्रोलच्या रेणूंचे गठ्ठे सुटतात आणि ते पूर्ण जळतं. पेट्रोल हे हायड्रोकार्बनांचं मिश्रण. पाइपला बांधलेल्या चुंबकाने त्याच्या ज्वलनावर काही परिणाम होत नाही. पण त्याहून मोठी गफलत ‘पूर्ण जळतं’ या शब्दांत आहे, आणि असली जवळजवळ सगळी उपकरणं याच गफलतीवर विकली जातात. चालू स्थितीतल्या आधुनिक इंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी 97-98 टक्क्यांच्या वर जळतंच. न जळलेलं बरंच उरलं असतं तर सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी झाला असता. पेट्रोल वाया जातं ते न जळल्यामुळे नाही. जळून जी उष्णता तयार होते तिचा मोठा वाटा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जातो. शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी चाकांपर्यंत पोचतात वीस-पंचवीस रुपये. हा उष्णतेचा हिशेब चुंबकाने, हवेच्या पाइपात बसवायच्या पंख्याने किंवा टाकीत टाकायच्या गोळीने बदलत नाही. जास्तीत जास्त त्या उरलेल्या दोन-तीन टक्क्यांशी खेळता येईल, तेही कागदावर.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत. इंधनाची ठळक बचत करणारं त्यातलं एकही निघालं नाही. काहींनी उलट धूर वाढवला.

पाण्यावरचं किट जरा नीट बघायला हवं, कारण त्यात विज्ञानाचा वास आहे. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, हायड्रोजन जळतो, हे शाळेत शिकलेलं असतं. प्रश्न एवढाच की वीज आली कुठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर कोण फिरवतं? इंजिन. इंजिन कशावर चालतं? पेट्रोलवर. आता शंभर रुपयांचं पेट्रोल जाळा. इंजिनातून कामाचे निघाले अठ्ठावीस. अल्टरनेटरने त्यातली साठ टक्के वीज केली, उरले सतरा. पाण्याचं विघटन करताना आणखी तिसरा हिस्सा गेला, हाती अकरा रुपयांचा हायड्रोजन. तोच परत इंजिनात घालून त्याच्याही उष्णतेतला मोठा वाटा घालवायचा. यात फायदा शोधणं म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात टाकताना मधे कमिशन द्यायचं आणि वर श्रीमंत झालो म्हणायचं. शिवाय गाडीत फेरफार केला म्हणून वॉरंटी गेली तर तो खर्च वेगळाच.

आपल्या देशाला हा मोह नवा नाही. 1996 मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला तेव्हा भल्याभल्यांनी माना डोलावल्या होत्या. पुढे सीबीआयने प्रकरण हाती घेतलं आणि 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या त्या इंधनात प्रत्यक्षात पेट्रोलियमपासून मिळणारी रसायनंच होती. अमेरिकेत स्टॅनली मेयर नावाच्या गृहस्थांनी आपली बग्गी पाण्यावर चालते असा दावा केला होता. त्यांच्यावरही 1996 मध्येच ओहायोच्या न्यायालयाने फसवणुकीचा ठपका ठेवला.

पहाटे पेट्रोल भरण्यात निदान तर्क तरी आहे: थंडीत पेट्रोल आकसतं, त्यामुळे लीटरमध्ये जास्त मावतं. आकसतं हे खरं. पण एक अंश सेल्सिअसला जेमतेम 0.1 टक्का. आणि पंपाची टाकी असते जमिनीखाली, तिथे पहाटे आणि दुपारी तापमानात फारसा फरक पडत नाही. एक अंशाचा धरला तरी तीस लीटरमागे तीस मिली, म्हणजे सुमारे तीन रुपये. त्यासाठी पाचला उठून वाकडी वाट करून पंपावर जाणाऱ्याचं येण्याजाण्यात याहून जास्त जळतं.

दोनशे दहाच्या तोडग्याबद्दलही तेच. म्हणे राउंड फिगरवर मशीन ‘सेट’ केलेलं असतं. मशीन मोजतं लीटर, भावाने गुणून रुपये दाखवतं. चोरी होते हे मात्र खोटं नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले तेव्हा मोजणीच्या यंत्रणेतच छेडछाड केलेली सापडली. पण मोजमापच बिघडवलं असेल तर ते दोनशेला जेवढं मारेल तेवढंच दोनशे दहाला मारेल. संशय आला तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लीटरचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं आणि त्यातून मोजून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लीटरमागे 25 मिलीपर्यंतची तफावत चालते. त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. पोऱ्याने ‘साहेब, झिरो बघा’ म्हटल्यावर मोबाइलमधून मान वर काढणं, हाही तोडगा दोनशे दहापेक्षा बरा.

न्यूट्रलचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, जीवघेणा आहे. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. त्या वेळी पेट्रोल जातं शून्य. ज्यांच्या डॅशबोर्डवर तात्कालिक ॲव्हरेज दिसतं त्यांनी कशेडी किंवा आंबा घाट उतरताना नजर टाकावी. बऱ्याच गाड्यांत आकडा 99.9 ला जाऊन चिकटतो. न्यूट्रल केली की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं आणि लहान गाडीतही तासाला अर्धा-पाऊण लीटर पेट्रोल जातं. म्हणजे वाचवायला म्हणून न्यूट्रल केली आणि खर्च सुरू झाला. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी नाहक मंदावते, तिथे हिशेब थोडा उलटा पडू शकतो. पण घाटात आपण ब्रेक मारतच उतरतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. पुण्याच्या नवले पुलाजवळ नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली, तेव्हा डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात समोर आल्याच्या बातम्या होत्या. हा सल्ला ज्याने मेसेजमध्ये घातला त्याला कात्रजचा उतार एकदा पायी दाखवायला हवा.

प्रीमियम पेट्रोलचं थोडक्यात. आपलं साधं पेट्रोल पूर्वी किमान 91 ऑक्टेनचं असायचं, वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यावर ते 95 च्या घरात गेलं. महागडं 95 किंवा त्याहून वरचं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा तो गुण आहे. गाडीच्या पुस्तिकेत 91 चालतं असं लिहिलं असेल तर वरचे पैसे पंपाला दान. हाय-कॉम्प्रेशन किंवा टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी, तिथे पुस्तिका काय म्हणते ते बघा.

आता मेसेज ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही ते. हे फॉरवर्ड एवढं खपतंय कारण लोकांचं ॲव्हरेज खरोखरच उतरलंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं (यालाच ई-20 म्हणतात) आणि इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई-20 वर 6 ते 7 टक्के घटेल आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांची 1 ते 2 टक्के. अठरा देणारी जुनी गाडी सतरावर आली असेल तर गाडी बिघडलेली नाही. उसाला भाव मिळतो म्हणून हे धोरण चांगलं की गिऱ्हाइकाला भुर्दंड म्हणून वाईट, यावर भांडायला जागा आहे. पण लीटरमध्ये जी ऊर्जा नाहीच ती चिप कुठून आणणार? ‘ई-20 स्पेशल’ म्हणून काही विकायला आलं तर हे लक्षात असू द्या.

मग ॲव्हरेज वाढतं कशाने? मुख्यतः वेगाने. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. केंद्र सरकारची पेट्रोलियम संवर्धन संस्था पीसीआरए वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ताशी 80 ऐवजी 45 ते 55 ने चालवली तर भारतीय गाड्या 40 टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज देतात. एक्सप्रेसवेवर पन्नासने कोणी जाणार नाही, जाऊही नये. पण 120 वरून 90 वर आलात तरी तुमच्या हातात जे पडेल ते कुठल्याही डबीत नाही. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा आणि टायर गार असताना तपासा. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. आणि एक जुना गॅरेजवाला उपाय: गाडी चालवून आलात की चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय. तो मोकळा करा, ॲव्हरेज आपोआप परत येईल. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं हे मात्र आता खरं राहिलेलं नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये तपासलं तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप घटला, इंधनखपत जवळपास तेवढीच राहिली. फिल्टर इंजिनासाठी बदला, ॲव्हरेजसाठी नको.

एवढं सांगूनही कोणी ‘माझ्या गाडीला फरक पडला’ म्हणेल. हरकत नाही, मोजून बघू. पेट्रोलचा काटा आणि डॅशबोर्डवरचा आकडा बाजूला ठेवा. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला कट लागेपर्यंत टाकी फुल करा, वरून ‘राउंड करू का?’ला नाही म्हणा. पुढच्या वेळी तसंच भरा आणि किलोमीटरला लीटरने भागा. एका टाकीवरून काही ठरवू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी धरा. आणि चिप लावायची की नाही हे दर टाकीला घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ठरवावं. चिप नसेल त्या टाकीला तिच्यासारखीच दिसणारी निकामी डबी सॉकेटमध्ये राहू दे किंवा दोन्ही वेळा सॉकेट झाकून टाका, म्हणजे चालवणाऱ्याला काही कळणार नाही. शेवटी वहीतले आकडे बघून त्याने सांगावं, चिप कोणकोणत्या टाकीला लावलेली होती.